खडूनं लिहिलेलं नाव

आमच्या शाळेत कचेरीच्या दाराशेजारी एक लाकडी काळी पाटी होती. तिच्यावर सगळ्या मास्तरांची नावं एकाखाली एक लिहिलेली असत. जे मास्तर कायम झाले त्यांची नावं पांढऱ्या रंगानं, आणि जे हंगामी त्यांची खडूनं. हंगामी माणसाचा भरवसा काय, उगीच रंग कशाला वाया घालवा, असा हिशेब. बहुतेक हंगामी मास्तर वर्षा-दोन वर्षांत कायम होत, नाहीतर दुसऱ्या गावची वाट धरत. आमच्या इतिहासाच्या मास्तरांचं नाव मात्र मी शाळेत आलो तेव्हा खडूनं होतं आणि मी इंग्रजी पाचवीत गेलो तरी खडूनंच होतं.

आठवडाभर येता-जाता पोरं उडी मारून हात लावत, त्यामुळं ते नाव शनिवारपर्यंत निम्मं उडालेलं असे. सोमवारी सकाळी मास्तर स्वतः खडू घेऊन येत आणि ते पुन्हा लिहीत. कधी बाळबोध लिहीत, कधी मोडीत, संक्रांतीच्या आठवड्यात तर नावाभोवती हलव्याचे दाणे काढत. शेजारून जाणाऱ्या कायम मास्तरांना म्हणत, "तुमच्या नावांना असं नटायला मिळतं का? तुम्ही मेलात तरी तेच अक्षर!" ते मास्तर हसत. आम्हीही हसत असू. पण मास्तरीणबाईंना ते हसू येत नसे, हे आम्ही त्यांच्या घरी जाऊन-येऊन ओळखून होतो.

मास्तर उंच आणि किडकिडीत. अंगात बाराही महिने लष्करी खाकी ओव्हरकोट. सोलापूरच्या चैत्रात, डांबर पातळ होतं अशा उन्हात, हा माणूस गुडघ्यापर्यंत कोट घालून गिरणीच्या भोंग्याबरोबर शाळेत शिरायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, "बसऱ्याची थंडी अजून अंगातून गेली नाही." कोटाच्या खिशात सुतळीला बांधलेली एक छोटी कात्री असे. तिनं ते सुपारी कातरत, मिशी कातरत, वर्गात पतंग उडाला तर त्याचा मांजा कातरत. आणि कुणी थाप मारायला लागला की ती कात्री हवेत उघडून मिटत. खट्. तो खट् आवाज आला की भलेभले अडखळत.

या कात्रीचा इतिहास असा. मोठ्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, मास्तर इराकात बसऱ्याला होते. हातात बंदूक नव्हती, ही कात्री होती. तळावरच्या टपाल तपासायच्या कचेरीत मराठी पत्रं वाचायचं काम त्यांच्याकडे होतं. शिपायांनी घरी लिहिलेल्या पत्रात सरकारला नको असेल ते वाक्य कापायचं आणि उरलेलं पत्र पुढं पाठवायचं. नदीचं नाव आलं, कापा. पलटणीचं नाव आलं, कापा. त्यात त्यांना काही गैर वाटलं नव्हतं. पुढं हिवाळा आला. पत्रांतून सगळे एकच लिहायला लागले, की दवाखान्याच्या तंबूत आजारी माणसं नुसत्या जमिनीवर आहेत आणि अंगावर घोंगडी नाहीत. वरून हुकूम आला, तेही कापा.

"घोंगडी नाहीत हे शत्रूला कळलं तर तो काय घोंगडी पळवणार होता?" मास्तर आम्हाला विचारत. "ते कापायचं ते तुमच्या-आमच्या आयांना कळू नये म्हणून."

मग एक दिवस वरचा कुणी मोठा साहेब पाहणीला आला. त्यानं सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, काही तक्रार आहे का? सगळे म्हणाले, काही नाही. मास्तर दोन पावलं पुढं गेले आणि म्हणाले, "साहेब, तक्रारी आहेत, पण मी कापल्यात. पाठ आहेत, म्हणून दाखवू?" आणि तिथंच उभं राहून त्यांनी कापलेली वाक्यं एकामागून एक म्हणून दाखवली. करकंबच्या कुणा शिपायाचं, माढ्याच्या कुणाचं, सांगोल्याच्या कुणाचं. साहेबाचा चेहरा लाल होत गेला आणि मास्तर म्हणतच राहिले.

घोंगडी आली. त्याच गाठोड्यातून मास्तरांना हा कोट मिळाला आणि त्याच दिवशी घरी जायचा हुकूमही मिळाला. चांगल्या वर्तणुकीचा दाखला काही मिळाला नाही. तो दाखला नव्हता म्हणूनच पाटीवरचं नाव खडूचं. ही गोष्ट मास्तर दरवर्षी सांगत, आणि दरवर्षी तिच्यातली थंडी वाढत असे. आमच्या वर्षापर्यंत ती इतकी वाढली होती की साहेबाच्या मिशांवर बर्फ होता.

तेव्हापासून मास्तरांना गुपित या वस्तूचंच वावडं झालं. कुणी कानाशी येऊन "हे कुणाला सांगू नका हं" म्हटलं की मास्तर मोठ्यांदा विचारत, "कुणापासून?" लपवायचं आहे ना, मग कुणापासून, शत्रूपासून की आपल्याच माणसांपासून? न्हावी, भाजीवाली, शेजारचे वकील, सगळ्यांना हा एकच प्रश्न. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ते इतिहासाचा सगळा पेपर फळ्यावर लिहून देत. हेडमास्तर धावत आले तर म्हणाले, "पोरं काय माझी शत्रू आहेत?" गंमत म्हणजे त्या पेपरासाठी पोरं इतर कुठल्याही पेपरापेक्षा जास्त अभ्यास करत. काय विचारणार हे माहीत असताना नापास होणं म्हणजे नाक कापून घेणंच.

घरात मास्तरीणबाईंचं याच्या नेमकं उलटं. मास्तरीणबाईंची शेंगाची चटणी आमच्या पेठेत नावाजलेली. आम्ही पोरं येणार म्हटलं की त्या ती लपवत. आणि आम्ही ओसरीवर टेकतो न टेकतो तोच मास्तर आतल्या दिशेला बोट करून सांगत, "आज तांदळाच्या डब्यात आहे. मागा." मास्तरीणबाई आतून कडाडत, "अहो, घरातलं तरी काही पोटात ठेवाल की नाही?" मग त्याच हसत कडक भाकरी मोडून, वर चटणी आणि तेल घालून आणून देत. त्या कडक भाकरीचा आवाज आणि बाईंचं बोलणं, दोन्ही एकदमच ऐकू येत असे.

पण मास्तर तोंडाचे फाटके होते असं कुणी समजू नये. आमच्या वर्गात दगडू होता. केम गावचा. घरी मेंढरं. मामा गिरणीत होता म्हणून शिकायला त्याच्याकडे आलेला. पहिल्या वर्षी तो मधल्या सुट्टीत विहिरीमागं जाऊन रडत असे, मेंढरांची आठवण येते म्हणून. मास्तरांनी ते पाहिलं होतं. ते कधी कुणाला बोलले नाहीत. आम्हाला हे दगडूनंच पुढं मोठेपणी सांगितलं. मास्तर फक्त त्याच्या शेजारी जाऊन उभे राहत आणि कोकराचं आजारपण कसं ओळखायचं ते विचारत.

शनिवारचा शेवटचा तास म्हणजे लढाईचा तास. पुस्तक बंद. निम्मा वर्ग शिपाई होई, निम्मा वर्ग घरची माणसं, आणि तिघं-चौघं सरकार. शिपायांनी घरी पत्र लिहायचं, सरकारनं कात्रीनं कापायचं आणि घरच्यांनी उरलेल्या पत्रावरून ओळखायचं की काय कापलं. मी एकदा सरकार झालो आणि अंगात वारं शिरल्यासारखं इतकं कापलं की कागदाची जाळी झाली. मास्तरांनी ती खिडकीत धरली आणि म्हणाले, "वा! आता यात दूध गाळा."

शेवटी ते नेहमी तेच समजावून सांगत. "उद्या फौज कुठल्या वाटेनं जाणार हे जो सांगतो तो फितूर. फौज उपाशी आहे हे जो सांगतो तो फितूर नव्हे. सरकार दोघांना एकाच दोरीनं बांधतं. तुम्ही बांधू नका." आणि दुसरं एक सांगत. "सगळी पत्रं एकाच शब्दांत आली, मी खुशाल आहे, मी खुशाल आहे, की समजा आत काहीतरी शिजतंय. खुशाल माणसं एकसारखी बोलत नाहीत."

आता हेडमास्तरांविषयी. फार भला आणि फार घाबरट माणूस. उन्हाळ्यातसुद्धा कोटाची सगळी बटणं लावलेली. कसलीही गोष्ट सांगायची तर आधी दाराबाहेर बघत, मग आवाज उतरवून म्हणत, "हे आपल्यातच." उद्या सुट्टी आहे, हे आपल्यातच. घंटेचा दांडा मोडला आहे, हे आपल्यातच. मास्तरांवर त्यांचा जीव होता आणि मास्तरांच्या आवाजाची त्यांना धडकी होती.

त्या वर्षी हिवाळ्यात शाळेची तपासणी ठरली. पुण्याहून इन्स्पेक्टरसाहेब येणार होते आणि त्यांच्या शेऱ्यावर मास्तरांना कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. शाळा चालवणाऱ्या संस्थेनं आता आणखी वाट पाहायला नकार दिला होता. एका वकील पालकानं तर तक्रारही केली होती, की मुलगा घरी बापाला "कुणापासून?" म्हणून विचारतो.

मास्तर दुसऱ्या वर्गावर असताना हेडमास्तर आमच्या वर्गात आले. दार लोटून घेतलं. "मुलांनो," ते म्हणाले, "तुम्हाला तुमचे मास्तर हवे आहेत ना? मग तो शनिवारचा तास... तो नाहीच, असं समजा. साहेबांपुढं त्याचं नाव काढायचं नाही. आणि हे आपल्यातच. विशेषतः तुमच्या मास्तरांना सांगू नका, ते सगळ्या गावाला सांगतील."

आम्ही लिंबाच्या झाडाखाली सभा भरवली. साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं? मी एक वाक्य तयार केलं. "मास्तर आम्हाला इतिहास फार मन लावून शिकवतात, साहेब." सगळ्यांना पसंत पडलं. घोकून झालं. दगडू एकटा अडून बसला.

"आरं, पर लपवायचं कुणापासनं? त्यो सायब शत्रू हाय का?"

"मास्तरांची नोकरी घालवणारा शत्रूच," मी म्हणालो.

"त्येनं आजून घालवली कुटं? बगितलंच न्हाय त्येनं काय बी. मास्तरांचा ह्योच तर तास लई भारी हाय, आन् त्योच लपवायचा व्हय?"

आम्ही त्याला हात वर करायला लावून हरवलं. बहुमत आमचं होतं. दगडू म्हणाला, "बरं, म्हन्तो," आणि उठून गेला.

तपासणीच्या दिवशी शाळा सारवून-शिंपून लखलखीत. इन्स्पेक्टरसाहेब म्हणजे पोट सुटलेले, डोक्याला रुमाल बांधलेले, सर्दीनं बेजार झालेले गृहस्थ. त्यांनी मास्तरांना बाहेर पडवीत थांबायला सांगितलं आणि हेडमास्तरांना शेजारी खुर्ची दिली. सनावळ्या विचारल्या, लढाया विचारल्या. बरं चाललं होतं. मग त्यांनी चष्मा पुसत सहज विचारलं, "तुमचे मास्तर कसं शिकवतात रे?"

पहिला उठला. "मास्तर आम्हाला इतिहास फार मन लावून शिकवतात, साहेब."

"छान. तू सांग."

"मास्तर आम्हाला इतिहास फार मन लावून शिकवतात, साहेब."

तिसरा तेच म्हणाला. मी चौथा. मीही तेच म्हणालो, आणि म्हणता म्हणता माझ्या कानांना ते कसंसंच वाटलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी सर्वांत वरचं बटण चाचपलं. साहेबांचं बोट दगडूकडे वळलं.

दगडू उठला. "मास्तर आमाला इतिहास फार मन लावून शिकिवत्यात, सायब." खाली बसला. आणि परत उठला.

"सायब, आमी समदी एकच बोलतोय. तुमास्नी शक येत न्हाय व्हय?"

 साहेबांनी नाकावरचा रुमाल बाजूला केला. "येतोय की. काय भानगड आहे?"

"समदे एकसारकं बोलाय लागले की आत कायतरी कापलंय समजायचं. हे मास्तरांनीच शिकिवलंय. आमी शनवारचा तास कापलाय, सायब. मास्तर भारी शिकिवत्यात त्यो."

आता दारात मास्तर. पडवीत त्यांना सगळं ऐकू येत होतं. "साहेब," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीप्रमाणे कंपाउंडबाहेर गेला, "मुलगा अर्धंच सांगतोय. उरलेलं मी सांगतो." हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. मास्तरांनी बसरा, कात्री, घोंगडी, कोट, नसलेला दाखला, सगळं सांगितलं. मिशांवरचा बर्फ तेवढा त्या दिवशी गाळला.

साहेबांनी चष्मा काढून पुन्हा पुसला. मग म्हणाले, "तास घ्या. मला बघायचाय."

"बघायला मिळणार नाही," मास्तर म्हणाले. "या तासाला प्रत्येकाला काहीतरी व्हावं लागतं. तुम्ही सरकार व्हा." आणि त्यांनी खिशातली कात्री सुतळीसकट काढून इन्स्पेक्टरांच्या हातात दिली. हेडमास्तरांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला.

दगडू शिपाई झाला. त्यानं पाटीवर न लिहिता सरळ कागदावर पत्र लिहिलं आणि साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी ते मोठ्यानं वाचलं. "आईस दंडवत. मी खुशाल हाय. आमचा तंबू मोठ्या नदीच्या काठाला हाय. हितं समदं बेस हाय. आपला बैल थंडीत उगडा पडलाय, त्येच्यावर घोंगडं न्हाय, चार दिस वैरनीला तोंड लावलं न्हाय. तेवडं दादाला सांग."

साहेबांनी मन लावून कात्री चालवली. मोठ्या नदीचं वाक्य कापलं, कडा नीट केल्या आणि पत्र "घरी" पाठवलं.

सगळा वर्ग एकदम ओरडला, "साहेब, फसलात!"

"कसा?" साहेब खरोखरच गोंधळले.

"सायब," दगडू म्हणाला, "बसऱ्यात बसून मला घरच्या बैलाची थंडी कशी कळंल? बैल म्हंजी मीच की!"

साहेब आधी कागदाकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता शिंक आली, शिंकता शिंकता पुन्हा हसू आलं आणि डोक्याचा रुमाल कपाळावर घसरला. वर्ग गडगडत होता. हेडमास्तर एकटे हसावं की नाही हे न ठरल्यामुळं दोन्ही करत होते. जाताना साहेबांनी कात्री मास्तरांना परत दिली, नमस्कार केला आणि एक शब्द न बोलता टांग्यात बसले.

त्यांचं ते एक शब्द न बोलणं आमच्या जिवाला घोर लावून गेलं. अहवाल गोपनीय असतो, बंद पाकिटात हेडमास्तरांकडे येतो, एवढंच आम्हाला कळलं. दिवस जाऊ लागले. वर्गानं दगडूशी बोलणं सोडलं. कुणीतरी त्याच्या बाकावर खडूनं "फितूर" लिहिलं. मास्तरांनी ते वाचलं.

"उद्या फौज कुठून जाणार हे त्यानं सांगितलं का रे?"

"नाही," आम्ही म्हणालो.

"मग पुसा. आणि संध्याकाळी सगळे घरी या. चटणी पिठाच्या डब्यात आहे." दगडूच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "माझी नोकरी गेली तर केमला येतो. मेंढरांना इतिहास शिकवीन, ती तरी एकसारखी बोलली तर शंका येणार नाही."

दगडू हसला, पण डोळे पुसतच. मास्तर त्या सोमवारी नाव लिहीत होते तेव्हा मी पाहिलं. अक्षर बारीक आलं होतं. नटवलेलं नव्हतं.

पुढं काही वर्षांनी शहरात लष्करी कायदा लागला तेव्हा मी शाळा सोडली होती. गावात बाहेर पडायची चोरी. जो भेटेल तो, मग तो दुकानदार असो की कारकून, एकच वाक्य बोलत होता, की सगळं शांत आहे. मला मास्तरांच्या कात्रीचा खट् आवाज ऐकू आला. मी घरी येऊन बापाला विचारलं, "हे कुणापासून?" मार्शल लॉ काय असतो ते मला असं शनिवारच्या तासानं आधीच शिकवून ठेवलं होतं.

पण ते नंतरचं. त्या हिवाळ्यातला तो सोमवार मला अजून लखलखीत आठवतो. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा नुकतीच संपली होती. आम्ही शाळेत शिरलो तर कचेरीपाशी शिडी. शिडीवर जत्रेतल्या पाट्या रंगवणारा पेंटर. खाली हेडमास्तर, हातात पांढऱ्या रंगाचा डबा, कोटाचं वरचं बटण उघडं.

ते आम्हाला बघून दचकले. "अहवाल गोपनीय आहे," ते घाईनं म्हणाले. "मी कुणाला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही." आणि लगेच वर बघून, "अरे, ती वेलांटी जरा ऐटदार काढ!"

आम्ही वर पाहिलं. खडूचं नाव पुसलेलं होतं आणि त्या जागी पांढरीशुभ्र ओली अक्षरं उमटत होती.

दगडू पुढं झाला. तोंडभर हसत त्यानं विचारलं, "हेडमास्तर, पर लपवायचं कुणापासनं?"

हेडमास्तरांनी दाराबाहेर बघितलं नाही. आवाजही उतरवला नाही. "कुणापासून म्हणजे? कुणापासूनही नाही!" ते मोठ्यांदा म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजानं थोडे घाबरले.

तेवढ्यात भोंग्याबरोबर मास्तर आले. सोमवार होता, म्हणून सवयीनं हातात खडू होता. पाटी बघून ते थांबले. त्यांनी हळूच बोट पुढं करून शेवटच्या अक्षराला लावलं, खरंच रंग आहे का म्हणून.

पेंटर ओरडला, "अहो, ओला आहे! बोट उठलं बघा! पुसतो थांबा."

"हात लावू नकोस," हेडमास्तर म्हणाले. "ते तसंच राहू दे."